घरातले ससे का मरतात?

गळीत हंगाम ऐन भरात असताना गट कार्यालयात सशाचा विषय निघेल असे आम्हाला कधी वाटले नव्हते. तिथे बोलणे असते ते तोडीचे. कुणाच्या उसाला तुरे आले, कुणाची टोळी अर्ध्यातून उठून गेली, कुणाची लागणीची तारीख चुकून मागची पडली. अशाच एका सकाळी आमचे एक सभासद चिठ्ठीची चौकशी करून झाल्यावर दारातच घुटमळत उभे राहिले. अजून काय राहिले म्हणून विचारले तर म्हणाले, "उसाचं होईल आगंमागं. पण लेकीनं दोन दिवसांपासून जेवण सोडलंय. तिच्या सशाची पिल्लं एकामागं एक मरायलीत. तुम्ही पत्रिकेत गाई-म्हशीचं छापता, सशाचं काही छापत नाहीत काय?"

बाकावर बसलेली मंडळी हसली. कुणी तरी म्हणाले, "ऊस वाळून चाललाय अन् याला सशाची पडली." पण ते गृहस्थ हसले नाहीत, म्हणून आम्हीही हसलो नाही. त्यांच्या सांगण्यातले कारण मात्र ठरलेले होते. "जंत झालेत. पोट नगाऱ्यासारखं होतं, पातळ हागतात, अन् तिसऱ्या दिवशी खलास." वगारीसाठी आणलेले जंताचे औषध त्यांनी थेंब थेंब करून पिल्लांना पाजले होते. तरी सहापैकी चार गेली.

दुपारून आम्ही त्यांच्या आखाड्यावर गेलो. अर्धापूरच्या शिवारात आहे तसाच आखाडा. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला केळी, मध्ये गोठा. गोठ्याच्या कोपऱ्यात लाकडी खोक्याला जाळी ठोकून सशाचे घर केलेले. खाली पोते अंथरलेले, पोते ओले. एका वाटीत दूध, त्यात भाकरीचे तुकडे. शेजारी सोललेली उसाची कांडी, केळीची साल, गुळाचा खडा. पोरीने मायेने जे जे चांगले ते सगळे त्यांच्यापुढे मांडले होते. वाळलेल्या गवताची काडी मात्र त्या खोक्यात कुठेही नव्हती.

आपण जनावरे कळणारी माणसे आहोत. बैलाला पोटफुगी झाली तर काय करायचे, रेडकाला दहाव्या-पंधराव्या दिवशी जंताचे औषध का द्यायचे, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच सशाच्या बाबतीत आपली फसगत होते. आपण त्याला लहानसे रेडकू समजतो, आणि ते रेडकू नसते.

एकच जठर, पण मागे मोठी कोठी

गाय, म्हैस, शेळी रवंथ करतात. त्यांची चार कप्प्यांची कोठी तोंडाच्या बाजूला असते; चारा आधी तिथे आंबतो आणि मग पुढे सरकतो. सशाला जठर एकच, तेही साधे. त्याची आंबवण्याची कोठी मागे आहे, लहान आतडे संपते तिथे. तिला अंधांत्र म्हणतात. माणसाला अपेंडिक्सचा त्रास होतो तीच जागा. पण आपल्यात ती बोटभर, आणि सशात जठराच्या जवळजवळ दहापट माल मावेल एवढी. या कोठीत कोट्यवधी उपकारक जिवाणू असतात. ते गवताचा तंतू फोडतात आणि सशाला पोसतात.

त्या कोठीतून दोन प्रकारचा माल बाहेर येतो. एक म्हणजे आपल्याला दिसतात त्या गोल कोरड्या लेंड्या. दुसरा म्हणजे द्राक्षाच्या बारीक घोसासारखा मऊ, चकचकीत गोळा. हा गोळा ससा बुडाला तोंड लावून तिथल्या तिथे गिळून टाकतो, बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे. त्यात जीवनसत्त्वे असतात, प्रथिने असतात. गाय रवंथ करते तसाच हा सशाचा प्रकार. आमच्या सभासदांच्या घरी आजीने हे एकदा पाहिले होते आणि "घाण खातंय मेलं" म्हणून त्याला चापट मारली होती. ते त्याचे जेवण होते.

आता हे यंत्र चालते कशावर? जाड्याभरड्या तंतूवर. आपल्या कारखान्यात गव्हाणीत मोळी पडत राहिली पाहिजे, नाही तर पुढचे सगळे थांबते. सशाचे पोट तसेच आहे. पोटात काड्या पडत राहिल्या तरच आतडे हलते. पुन्हा सशाला ओकारी काढता येत नाही. जे आत गेले ते मागूनच निघाले पाहिजे. आतडे थांबले की आतला माल तिथेच आंबतो, वायू धरतो, पोट टम्म फुगते. ससा पाठ वाकवून कोपऱ्यात बसतो, दात करकरा चावतो. लेंड्या आधी बारीक होतात, कधी केसांत ओवलेल्या मण्यांसारख्या पडतात, मग बंद होतात. ससा बारा तास काही खात नसेल तर 'उद्या बघू' म्हणण्याची सोय राहत नाही. बैल एक दिवस चारा सोडून उभा राहतो आणि सुधारतो. ससा तसा सुधारत नाही.

इथेच आपला ऊस आणि आपली केळी आड येते. साखर आणि पिठूळ पदार्थ त्या मागच्या कोठीत जास्त गेले की चांगल्या जिवाणूंचे बळ मोडते आणि विष तयार करणारे जिवाणू माजतात. मग पाण्यासारखी हगवण लागते. लहान पिल्लू त्यात एका दिवसात जाते. उसाचे कांडे, गूळ, पिकलेले केळे, भाकरी, बिस्किट, भिजवलेले हरभरे, भात, यातले काहीच सशाचे अन्न नाही. मोठ्या, धडधाकट सशाला केळ्याची एखादी पातळ चकती कधीमधी दिली तर बिघडत नाही. पण ज्या घरात घडाच्या घड लटकलेले असतात तिथे एका चकतीवर कोण थांबणार? आमच्या मते आपल्या भागात हा नियमच करून टाकावा की सशाला केळी नाही आणि ऊसही नाही. आणि दूध तर नाहीच नाही. दूध सोडलेल्या सशाला गाई-म्हशीचे दूध पचत नाही.

मग घालावे काय? वाळलेले गवत, दिवसभर, हवे तेवढे. त्याच्या अंगाएवढा भारा रोज असावा असे म्हणतात ते बरोबर आहे. धुऱ्यावरची हरळी उत्तम. बारीक काडीचा पाला असलेला कडबाही चालतो. लसूणघास वाढत्या पिल्लांना चांगला, पण मोठ्या सशाला रोज घातला तर त्यातल्या चुन्यामुळे लघवीत गाळ धरतो. मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला थोडा थोडा. सशाचे दात जन्मभर वाढत असतात. गवत चावूनच ते झिजतात, म्हणजे एका काडीत दोन कामे होतात. उसाचे वाढे घालावे का, असे बऱ्याच जणांनी विचारले. हिरव्या वाढ्याचा पाला थोडासा चालतो, पण गवताच्या जागी वाढे नको. आणि फडातून उचलताना त्यावर काय फवारले गेले, फडात कोणते दाणेदार औषध टाकले गेले, हे आधी आठवावे. कापलेल्या ओल्या गवताचा भारा ढीग करून ठेवला की आतून गरम होतो. तो गरम झालेला चारा सशाला कधीही घालू नये. पसरून, सावलीत सुकवून घालावा.

जंत नव्हे, पण जंताहून वाईट

आता पिल्लांकडे. त्या दिवशी सकाळी मेलेले एक पिल्लू पोरीने फडक्यात गुंडाळून ठेवले होते. पुरायचे होते, पण आम्ही तिच्या वडिलांना म्हणालो, आधी डॉक्टरांना दाखवू. पोरीला ते पटेना. "चिरू नका त्याला" म्हणून रडली. शेवटी उरलेली दोन वाचवायची असतील तर दाखवावे लागेल, हे तिला तिच्या आईने समजावले. पशुवैद्यक डॉक्टरांनी पिल्लू उघडले आणि काळीज दाखवले. काळीज फुगलेले आणि त्यावर जागोजाग पांढरट-पिवळे ठिपके, ज्वारीचे दाणे पेरल्यासारखे. जंत एकही नव्हता.

या रोगाला कॉक्सिडिओसिस म्हणतात. कोंबड्या पाळणाऱ्यांनी हे नाव ऐकले असेल. कोंबडीत रक्ती हगवण होते ती याच जातीची. हा जंत नव्हे, एकपेशीय परजीवी आहे. डोळ्यांना दिसत नाही. याची अंडी म्हणावीत अशी कोषासारखी बारीक गोल घरे लेंड्यांवाटे बाहेर पडतात. सशात याच्या बऱ्याच जाती सापडतात. काही आतड्यात राहतात, एक काळजातल्या पित्तनळ्यांत राहते. गंमत पाहा, हॉलंडमधल्या लेवेनहूक या कापड दुकानदाराने स्वतः घासलेल्या भिंगाखाली 1674 साली सशाच्या पित्तात काही लंबगोल कण पाहिले. एकपेशीय परजीवी माणसाच्या नजरेला पडल्याची ही पहिली नोंद मानतात. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच वर्षीची ही गोष्ट. म्हणजे रोग नवीन नाही, आपल्या कानावर मात्र आता आला.

हा रोग कसा पसरतो ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातच इलाज आहे. मोठा ससा यातून एकदा वाचला की त्याला प्रतिकारशक्ती येते. तो ठणठणीत दिसतो, पण लेंड्यांतून थोडी थोडी बीजे टाकत राहतो. बाहेर पडलेले बीज लगेच बाधत नाही. त्याला पिकायला ऊब, ओल आणि हवा लागते, आणि एक ते चार दिवस लागतात. म्हणूनच ससा आपला मऊ गोळा ताजा ताजा गिळतो त्यातून रोग होत नाही. ते बीज कच्चे असते. बाधते ते खाली ओल्या पोत्यावर तीन दिवस पडून पिकलेले बीज, जे पायाला, केसांना, गवताला लागून पुन्हा तोंडात जाते. पिल्ले आईचे दूध सोडू लागतात, म्हणजे चार ते आठ आठवड्यांची असतात, तेव्हा हा दणका बसतो. आईच्या दुधाचे संरक्षण संपलेले, पोट अजून कच्चे, त्यात आपण गूळ-भाकरी घालतो.

याचा अर्थ असा की लेंड्या रोज काढल्या तर बीज पिकायच्या आत निघून जाते आणि साखळी तुटते. एवढे सोपे आहे, आणि एवढेच आपण करत नाही. फिनाईल ओतले म्हणजे स्वच्छता झाली असे आपल्याला वाटते. पण या बीजाचे कवच फिनाईलला किंवा ब्लिचिंगला दाद देत नाही. उकळते पाणी ओतावे आणि कडक उन्हात खडखडीत वाळवावे. मराठवाड्याच्या उन्हाला आपण शिव्या देतो, पण या कामाला त्याच्यासारखे औषध नाही. खाली पोते नको, जाळीची किंवा पट्ट्यांची तळी हवी म्हणजे लेंडी खाली पडेल. फक्त अर्ध्या भागात फळी ठेवावी, नाहीतर जाळीने पायाला जखमा होतात. गवत खाली टाकू नये, उंच टांगावे.

औषधे आहेत. सल्फा गटातली आहेत, अँप्रोलियम आहे, पाण्यातून काही दिवस द्यावी लागतात. किती द्यायचे हे सशाच्या वजनावर आणि डॉक्टरांच्या सांगण्यावर; ते आकडे आम्ही इथे छापणार नाही, कारण कोंबडीच्या पुडीवरचा आकडा सशाला लावून पाहणारे पुष्कळ निघतील. वगारीचे जंताचे औषध मात्र या रोगावर पाण्यासारखेच. त्याने कॉक्सिडिया मरत नाही आणि दोन मोलाचे दिवस जातात.

खरे जंत

जंत सशाला होत नाहीत असे नाही. सर्वांत जास्त आढळतो तो सुताच्या तुकड्यासारखा पांढरा बारीक कृमी, जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर. ताज्या लेंडीवर वळवळताना दिसतो. तो मागच्या कोठीत राहतो आणि थोडा असेल तर सशाला फारसे काही करत नाही. लहान लेकराला रात्री बूड खाजवायला लावणारा कृमी याच कुळातला, पण जात वेगळी. सशाचा माणसाला लागत नाही आणि माणसाचा सशाला लागत नाही. त्यामुळे "सशामुळं पोराला जंत झाले" म्हणून ससे टाकून देऊ नयेत. पोराचे जंत मातीतून, न धुतलेल्या हातातून आणि आपल्या उघड्यावर जाण्याच्या सवयीतून येतात.

दुसरा प्रकार कुत्र्याकडून येतो, आणि तो आपल्या ऊसफडाशी जोडलेला आहे. कुत्र्याच्या आतड्यात एक पट्टकृमी राहतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून धुऱ्यावरच्या गवतावर पडतात. ते गवत सशाने खाल्ले की अळ्या आतून काळजात, पोटाच्या पडद्यावर जातात आणि वाटाण्याएवढ्या पाण्याच्या पिशव्या होऊन बसतात. तोड चालू असताना फडातून रानससा उठतो, टोळीतली कुत्री त्याला धरतात, आतडी-काळीज खातात, आणि पिशव्या पुन्हा कुत्र्याच्या पोटात जाऊन पट्टकृमी होतात. असे हे चक्र. म्हणून जिथे कुत्री बसतात-हगतात तिथले गवत सशाला नको, आणि आखाड्यावरच्या कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचे औषध द्यावे.

तिसरी गोष्ट जंत नाही, पण लोक तिला जंतच समजतात. पावसाळ्यात पातळ हगवणीने सशाचे बूड बरबटले की माशी तिथे अंडी घालते. दिवसभरात अळ्या पडतात आणि त्या कातडी खात आत शिरतात. घरच्यांना वाटते पोटातले किडे बाहेर आले, आणि मग पोटाचे औषध पाजतात. त्या अळ्या बाहेरून गेलेल्या असतात. पावसाळ्यात रोज सशाला उलटा धरून बूड पाहावे; बरबटले असेल तर कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावे. अळ्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना.

औषधाने मेलेले ससे

रोगाने मरतात त्यापेक्षा किती ससे आपल्या औषधाने मरतात कुणास ठाऊक. आमच्याच घरी पूर्वी एकदा असे झाले होते, म्हणून हे जरा रागाने लिहीत आहोत. नातवाच्या सशाला सर्दी झाली. एका दुकानातून माणसाचे लहान मुलांचे औषध आणले, ॲमॉक्सिसिलिनचे, गुलाबी, गोड. ससा आवडीने प्यायला. तिसऱ्या दिवशी हगवण लागली आणि चौथ्या दिवशी गेला. आम्ही सर्दीने गेला असे म्हणत राहिलो. पुढे कळले की पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन ही औषधे तोंडावाटे दिली की सशाच्या मागच्या कोठीतले चांगले जिवाणू मारतात आणि विषारी जिवाणूंना रान मोकळे करून देतात. लेकराला चालते म्हणून सशाला चालेल हा हिशेब चुकीचा होता. नातवाला ते आम्ही अजून सांगितलेले नाही.

शाळेत-अंगणवाडीत जंतनाशक दिनी वाटतात ती अल्बेंडाझोलची गोळी (2015 पासून हा कार्यक्रम चालतो) लेकरांना जरूर द्यावी. उरलेली अर्धी सशाला मात्र देऊ नये. सशात या औषधाने हाडातला मगज दुबळा होऊन रक्त कमी झाल्याची प्रकरणे झाली आहेत. सशाच्या जंतावर डॉक्टर बहुधा फेनबेंडाझोल निवडतात.

आणखी एक, हे मात्र मोठ्या अक्षरात वाचावे. कुत्र्याच्या गोचीड-पिसवांवर मारायचे फिप्रोनिलचे फवारे मिळतात. हेच फिप्रोनिल दाणेदार रूपात आपण उसात खोडकिडीसाठी टाकतो. सशाच्या अंगावर ते मारले तर झटके येऊन ससा मरतो. सशाला खरूज, पिसवा झाल्या तर फवारा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातात घेऊ नये. कोंबडीखाद्यही सशापुढे टाकू नये; कॉक्सिडिया आवरायला त्यात कधी कधी अशी औषधे मिसळलेली असतात की ती कोंबडीला चालतात आणि सशाला विष होतात.

उन्हाळ्याविषयी थोडेच सांगतो. पारा 42-43 वर गेला की ससा आधी खाणे सोडतो, आणि खाणे सोडले की पोट थांबते. म्हणजे उन्हाने मेला असे आपण म्हणतो तेव्हाही पुष्कळदा पोटानेच मेलेला असतो. ससा घामाने गार होत नाही, कानांतून उष्णता टाकतो. पत्र्याखाली ठेवू नये. केळीच्या बागेच्या सावलीत, चहूबाजूंनी ओले पोते टांगून, प्यायला माठाचे पाणी.

फडातली पिल्ले

तोड चालू असताना फडात सशाची पिल्ले सापडतात आणि टोळीतली पोरे ती धरून आणतात. कुणी विकतो, कुणी आपल्या लेकरांना देतो. ही पिल्ले पाळीव सशाची नव्हेत. पाळीव सशाचे पिल्लू उघडेनागडे, डोळे मिटलेले जन्मते. रानसशाचे पिल्लू केस असलेले, डोळे उघडे घेऊन येते. आई त्याला टाकून गेलेली नसते. ती दिवसभर लांब राहते आणि अंधारात येऊन पाजून जाते. आपण त्याला म्हशीचे दूध पाजतो, त्याला हगवण लागते, आणि बहुतेक पिल्ले आठवडाही काढत नाहीत. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा धरणे, पाळणे, मारणे गुन्हा आहे. पिल्लू दिसले तर तोडीच्या वाटेवरून उचलून शेजारच्या उभ्या उसात किंवा धुऱ्यावरच्या गवतात ठेवावे. मुकादमांनीही आपल्या माणसांना हे सांगावे. एवढ्यासाठी काही कोयता थांबत नाही.

काही तरुण सभासदांनी ससेपालनाच्या धंद्याविषयी विचारले. "पिंजरे आमच्याकडून घ्या, पिल्ले आम्हीच परत घेऊ" असे सांगत कुणी तरी फिरत असते. मादी 31 दिवसांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्ले, कागदावर हिशेब फार गोड दिसतो. पण तो हिशेब दूध तुटण्याच्या त्या चार आठवड्यांवर टांगलेला आहे. ज्याने दोन ससे वर्षभर नीट सांभाळले नाहीत त्याने शंभराचे कर्ज काढू नये असे आमचे मत आहे. परत खरेदीची हमी देणारा पुढच्या वर्षी कुठे असेल हेही विचारून ठेवावे.

दाखवायचे कुठे? तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी जावे. प्रकरण अवघड असेल तर वसमतवरून परभणी लांब नाही. तिथे 1972 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुखेड-देगलूरकडच्या आपल्या पाहुण्यांना उदगीरचे महाविद्यालय सोयीचे. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. त्याच सकाळच्या ताज्या लेंड्या, दहा-बारा, कोरड्या स्वच्छ डबीत घालून न्याव्यात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहिल्या की जंत आहेत की कॉक्सिडिया ते तिथल्या तिथे कळते. पिल्लू मेले असेल तर पुरण्याआधी न्यावे, आणि लगेच. उन्हात सहा तास ठेवून नेलेल्या पिल्लातून काही समजत नाही.

आमच्या त्या सभासदांनी उरलेली दोन पिल्ले आणि त्यांची आई वेगळी केली. जुने खोके जाळले. केळीच्या घडांची वाहतूक होते तसल्या प्लॅस्टिकच्या क्रेटला खाली जाळी बांधून नवे घर केले. डॉक्टरांनी दिलेले औषध पाण्यातून पाजले. एक पिल्लू तरीही चौथ्या दिवशी गेले. ज्या दिवशी त्यांचा ऊस तुटला त्या दिवशी ते वजनाची पावती घेऊन आले तेव्हा पावतीच्या आधी सशाचेच बोलले. "एक राहिलंय. हरळी खातंय. लेक सकाळी उठून आधी लेंड्या झाडती अन् मग शाळेला जाती." मग म्हणाले, "पण गुळाचा खडा मागतंय बघा ते अजून. लेक देत नाही. म्हातारी चोरून देती."

म्हातारीला काय सांगायचे ते आम्हाला सुचले नाही. हा अंक छापून आला की घरी मोठ्याने वाचून दाखवा, एवढेच म्हणालो.